कवटीचे सांधे वेळेआधी जुळणं आणि प्राण्यांवरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाला क्रेनिओसिनोस्टॉसिस आहे असं कळलं की घरातलं कुणी ना कुणी मोबाइल घेऊन शोधायला बसतं आणि थोड्याच वेळात ‘उंदरांमध्ये कवटीचा सांधा पुन्हा तयार केला’ अशा एखाद्या बातमीपाशी पोचतं. पुढचे प्रश्न अशा पालकांचे आहेत, आणि काही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे. इथली माहिती संशोधनाबद्दल आहे. बाळाच्या उपचारांचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

क्रेनिओसिनोस्टॉसिस म्हणजे नेमकं काय?

जन्माच्या वेळी कवटीचा वरचा भाग एकसंध नसतो. हाडांचे पातळ पत्रे तंतुमय सांध्यांनी एकमेकांना धरून असतात. प्रसूतीच्या वेळी हे पत्रे एकमेकांवर थोडे सरकतात, म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं. सांध्यांचं मोठं काम त्यानंतरचं. आतून मेंदू वाढत जातो तसतसं सांध्याच्या दोन्ही कडांना नवीन हाड धरत जातं आणि कवटी मोठी होते. कपाळाच्या मधोमध मेटोपिक, माथ्यावरून पुढून मागे जाणारा सॅजिटल, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांकडे उतरणारे दोन कोरोनल आणि मागच्या बाजूला दोन लॅम्डॉइड, असे हे मुख्य सांधे. यांपैकी मेटोपिक सांधा साधारण पहिल्या वर्षातच जुळतो आणि ते स्वाभाविक आहे. बाकीचे मोठेपणापर्यंत उघडे राहायला हवेत. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळात एखादा सांधा आधीच हाडाने भरून जातो, त्याला क्रेनिओसिनोस्टॉसिस म्हणतात.

सांधा बंद झाला तरी मेंदूची वाढ थांबत नाही. मग डोकं जिथे जागा मिळेल तिथे वाढतं. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५१ मध्ये हा नियम मांडला: बंद सांध्याला काटकोनात असलेली वाढ अडते आणि सांध्याच्या दिशेने ती जास्त होते. म्हणून सॅजिटल सांधा बंद झाला की डोकं लांबट आणि अरुंद होतं, मेटोपिक फार लवकर बंद झाला की कपाळ त्रिकोणी दिसतं, एका बाजूचा कोरोनल बंद झाला की त्या बाजूचं कपाळ मागे ओढल्यासारखं राहतं. बहुतेक बाळांमध्ये एकच सांधा बंद झालेला असतो आणि बाकी शरीर ठणठणीत असतं. एपर्ट, क्रूझाँ, सेथ्रे-चोटझेन अशा सिंड्रोममध्ये मात्र अनेक सांधे, चेहऱ्याची हाडं, कधी हातापायांची बोटंही गुंतलेली असतात.

आमच्या बाळाची टाळू लवकर भरली. म्हणजे हाच आजार का?

सहसा नाही. टाळू ही तीन-चार सांधे एकत्र येतात तिथली मऊ जागा. पुढची टाळू बहुतेक बाळांची एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते, पण काही निरोगी बाळांची त्याच्या कितीतरी आधी भरते. उलट टाळू उघडी असूनही एखादा सांधा बंद झालेला असू शकतो. डॉक्टर डोक्याचा घेर दर भेटीत टेपने मोजतात आणि डोक्याचा आकार वरून पाहतात, ते यासाठीच. टाळूवर तेल घातल्याने ती लवकर भरत नाही की उशिरा भरत नाही.

मोहरीच्या उशीबद्दलही हमखास विचारलं जातं. एकाच कुशीवर झोपून डोकं चपटं होणं ही वेगळी गोष्ट, त्यात सांधे उघडेच असतात. अशा डोक्याकडे वरून पाहिलं तर चपट्या बाजूचा कान आणि कपाळ थोडं पुढे सरकलेलं दिसतं. लॅम्डॉइड सांधा खरोखर बंद असेल तर त्या बाजूला कानामागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो आणि डोक्याचा तोल वेगळाच बिघडलेला असतो. बंद झालेला सांधा कुठल्याही उशीने उघडत नाही. शिवाय तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली उशी नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते झोपेतल्या सुरक्षिततेसाठी.

शस्त्रक्रिया आहे ना? मग प्राण्यांवर अभ्यास कशाला?

शस्त्रक्रिया आहे आणि ती चांगली आहे. १८९० च्या आसपास पॅरिस आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बंद सांध्याची पट्टी कापून काढण्याचे पहिले प्रयत्न झाले. आज लहान छेदातून दुर्बिणीने पट्टी काढून नंतर हेल्मेट लावतात, किंवा बाळ थोडं मोठं झाल्यावर कवटीची हाडं काढून नव्याने बसवतात. पण शस्त्रक्रिया आकार आणि जागा देते, सांधा परत देत नाही. सिंड्रोम असलेल्या काही मुलांत हाड पुन्हा भरून येतं आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

दुसरी अडचण संशोधकांची. बाळाच्या कवटीचा तुकडा प्रयोगशाळेत येतो तेव्हा सांधा बंद होऊन कित्येक महिने झालेले असतात. मांडव उतरवल्यावर लग्नाला पोचावं, तशी ही गत. काय बिघडलं ते गर्भाशयात, काही पेशींच्या पातळीवर, आधीच घडून गेलेलं असतं. ते घडताना पाहायचं तर प्राण्याकडे वळावं लागतं.

उंदराच्या कवटीचे सांधे माणसासारखेच असतात का?

बरेचसे. नावं आणि जागा जवळजवळ त्याच आहेत. एक गोष्ट तर अभ्यासकांच्या पथ्यावरच पडली. उंदराच्या दोन फ्रंटल म्हणजे कपाळाच्या हाडांमधल्या सांध्याचा मागचा भाग जन्मानंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आपोआप जुळतो. रॅटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरात, तो साधारण १२ ते २२ व्या दिवसांत जुळतो. हा आपल्या मेटोपिकचा भाऊबंद. त्याच्या लगेच मागे, त्याच रेषेत असलेला सॅजिटल सांधा मात्र उघडाच राहतो. एकाच डोक्यात, काही मिलिमीटरच्या अंतरावर, एक सांधा जुळतो आणि दुसरा जुळत नाही. तुलना करायला याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

ते पाहायची जुनी पद्धत अजूनही वापरात आहे. मेलेल्या पिल्लाची कातडी काढून सांगाडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग एका निळ्या आणि एका लाल रंगात बुडवतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने मांस पारदर्शक होत जातं आणि शेवटी ग्लिसरीनमध्ये तरंगणारा सांगाडा उरतो. त्यात कूर्चा निळी, हाड लाल. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पिल्लाच्या कोरोनल सांध्यावर दोन लाल कडांमध्ये रंग न घेतलेली बारीक पट्टी दिसते. दोष असलेल्या पिल्लात ती पट्टी मध्येच तुटते आणि लाल रंग या हाडातून त्या हाडात सलग जातो. आता मायक्रो-सीटी म्हणजे अगदी बारीक तपशील टिपणारा सीटी स्कॅन आल्याने जिवंत प्राण्याचीही मापं घेता येतात, पण पहिल्यांदा हे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कळतं ते या रंगांवरून.

सांधा उघडा ठेवायचा की बंद करायचा, हे कोण ठरवतं?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग याच प्रश्नावर आहे. मेंदूवरच्या आवरणांपैकी सगळ्यात बाहेरचं, जाड आवरण म्हणजे ड्यूरा. ते कवटीला आतून चिकटलेलं असतं. १९९० च्या दशकात रॅटच्या गर्भातले आणि नवजात पिल्लांतले कोरोनल सांधे काढून ते दुसऱ्या रॅटच्या कवटीत बसवले गेले. सोबत ड्यूरा असेल तर सांधा उघडा राहिला, ड्यूरा काढून टाकली तर तो हाडाने भरला.

१९९८ मध्ये त्यापुढची पायरी प्रसिद्ध झाली. रॅटचा जुळणारा फ्रंटल सांधा आणि न जुळणारा सॅजिटल सांधा असा एकत्र तुकडा कापून, ड्यूरा जागेवर ठेवून, तो १८० अंशांत फिरवून परत बसवला. सॅजिटल सांधा आता फ्रंटलखालच्या ड्यूरावर आला आणि तो जुळला. फ्रंटल सांधा सॅजिटलखालच्या ड्यूरावर गेला आणि उघडा राहिला. म्हणजे हुकूम वरच्या हाडाचा नव्हता, खालच्या आवरणाचा होता.

तो हुकूम कोणत्या रेणूंतून जातो, हे नंतर उलगडत गेलं. हाड बनवायला लावणाऱ्या बीएमपी प्रथिनांना नॉगिन नावाचं प्रथिन रोखून धरतं. २००३ मध्ये उंदरांत दिसलं की उघड्या राहणाऱ्या सांध्यांत नॉगिन असतं, जुळणाऱ्या सांध्यात ते दाबलं जातं, आणि तिथे ते मुद्दाम पुरवलं तर जुळायला हवा तो सांधाही उघडा राहतो. सांधा ही नुसती फट नाही. ती उघडी ठेवण्याचं काम तिथल्या पेशी सतत करत असतात.

यात जनुकांचा भाग किती?

सिंड्रोमच्या रुग्णांत फार मोठा. १९९३ मध्ये बॉस्टनच्या एका कुटुंबात एमएसएक्स२ जनुकातला बदल सापडला, क्रेनिओसिनोस्टॉसिसचं कारण म्हणून सापडलेला तो पहिला. दोनच वर्षांत, ते जनुक जास्त चालवलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये सांधे लवकर जुळल्याचं दिसलं. १९९४ मध्ये क्रूझाँ आणि १९९५ मध्ये एपर्ट सिंड्रोमचं मूळ एफजीएफआर२ या जनुकात सापडलं. या जनुकावरून बनतं ते पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा संदेश घेणारं प्रथिन. दोष असला की संदेश प्रमाणाबाहेर आत जातो. एपर्टच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत या प्रथिनातल्या शेजारशेजारच्या दोन जागांपैकी एकीवर बदल असतो. हा बदल बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रजंतूंमध्ये नव्याने घडतो, आणि वडिलांचं वय वाढतं तशी शक्यता वाढते. गरोदरपणात आईने काय खाल्लं, ग्रहण पाहिलं का, याचा एपर्टशी काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण घरात पहिलं बोट आईकडेच जातं.

तेच बदल उंदरात घातले तेव्हा पिल्लांची कोरोनल सांध्याची जागा भरली, नाकाड आखूड झालं, डोकं घुमटासारखं झालं. बाळांच्या एक्स-रेशी साम्य नजरेत भरण्यासारखं.

उंदरांत औषधाने हे थांबवता आलं, असं वाचलं. मग बाळाला का देत नाहीत?

बातमी खरी आहे. २००७ मध्ये एपर्टचा दोष असलेल्या उंदरांवर दोन गोष्टी करून पाहिल्या गेल्या. पहिलीत सदोष एफजीएफआर२ जनुकाचा, प्रथिन बनवण्याचा निरोप तेवढाच नष्ट करणारा आरएनएचा छोटा तुकडा वापरला, आणि पिल्लं जवळपास निरोगी निघाली. दुसरीत पेशीच्या आतली संदेशाची साखळी मध्येच तोडणारं यू०१२६ हे रसायन दिलं, आणि सांधे जुळणं बरंच टळलं. त्याच्या आदल्या वर्षी, क्रूझाँच्या उंदरात त्या प्रथिनाची फक्त एक जोडणी तोडूनही कवटी वाचवता येते हे दिसलं होतं.

आता खोच पाहा. आरएनएचा तो तुकडा इंजेक्शनने दिलेला नव्हता. तो तयार करणारं जनुक पिल्लाच्या डीएनएमध्ये गर्भधारणेपासूनच होतं. बाळाच्या बाबतीत तसं करता येत नाही. रसायनाची अडचण वेगळी: ती साखळी फक्त कवटीत नसते, शरीरभर असते, आणि वाढत्या गर्भात ती तोडण्याची किंमत काय हे कुणी सहज पणाला लावणार नाही. सगळ्यांत मोठा अडथळा वेळेचा. एपर्टचं बाळ जन्मतं तेव्हाच कोरोनल सांधे बंद असतात. औषध द्यायचं तर पोटात असताना, म्हणजे आईमार्फत.

याच घराण्यातल्या एफजीएफआर३ जनुकाच्या दोषाने होणाऱ्या अकाँड्रोप्लेसिया या बुटकेपणावर व्होसोरिटाइड हे औषध २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं. तेही हीच साखळी सैल करतं आणि त्याचा पाया उंदरांवरच्या कामातच आहे. ते चालतं कारण हातापायांच्या हाडांची वाढीची टोकं पौगंडावस्थेपर्यंत उघडी असतात, औषधाला वर्षानुवर्षं मिळतात. कवटीच्या सांध्याला तेवढी मुदत नसते.

सशांवर काय काम झालं?

पिट्सबर्ग विद्यापीठात न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांमध्ये जन्मजात कोरोनल सांधा बंद असलेली पिल्लं आढळली. संशोधकांनी त्यांचा वंशच सांभाळला आणि १९९४ पासून त्यावरचं काम प्रसिद्ध होऊ लागलं. इथे कुणी जनुक बदललं नव्हतं, दोष आपोआप आलेला होता. त्याआधी सशाच्या पिल्लांचे सांधे डिंकासारख्या रसायनाने चिकटवून अभ्यास होत असे. त्यातून कवटी आकार कशी बदलते ते कळे, पण सांधा मुळात का बंद होतो ते कळत नसे.

ससा उंदरापेक्षा बराच मोठा, त्यामुळे त्याच्या कवटीतला दाब मोजता येतो आणि त्यावर बाळासारखी शस्त्रक्रियाही करता येते. शस्त्रक्रियेनंतर त्या जागी नॉगिन ठेवलं तर हाड परत भरून येणं कमी होतं, हे २००७ मध्ये याच सशांत दाखवलं गेलं. ऑपरेशन पुन्हा करावं लागणाऱ्या मुलांच्या दृष्टीने मला हा धागा गर्भातल्या औषधापेक्षा जास्त व्यवहार्य वाटतो. एकदा ऑपरेशन होणारच असेल, तर त्याच जागी काही ठेवणं डॉक्टरांच्या हातातलं आहे.

माशाचा काय संबंध?

झेब्राफिशच्या कवटीलाही सांधे असतात, आणि पिल्लाच्या अंगातून आरपार दिसतं. चमकणारे रंग वापरून त्याच माशाचं हाड पुन्हापुन्हा पाहता येतं, त्याला मारावं लागत नाही.

सेथ्रे-चोटझेन सिंड्रोममध्ये माणसात ट्विस्ट१ जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. त्याच्या जोडीदार टीसीएफ१२ मधले बदल २०१३ मध्ये कोरोनल सांधा बंद झालेल्या रुग्णांत सापडले. २०१८ मध्ये ही दोन्ही जनुकं बंद केलेल्या झेब्राफिशमध्ये नेमका कोरोनल सांधाच गेला. पण महत्त्वाचं ते सांधा जाण्याच्या आधीचं. हाडाची कड सुरुवातीला गरजेपेक्षा वेगाने वाढत होती आणि मग मंदावत होती. हाड बनवू शकणाऱ्या राखीव पेशी सुरुवातीलाच खर्ची पडत होत्या. दोन हाडं समोरासमोर आली तेव्हा त्यांना वेगळं ठेवायला पेशीच उरल्या नव्हत्या. आजाराची सुरुवात सांधा जुळतो त्या क्षणाच्या बरीच आधी असते, हे त्या माशांनी दाखवलं.

‘सांधा पुन्हा तयार केला’ ही बातमी नेमकी काय होती?

२०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यांग चाय यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या सांध्यांत जीएलआय१ हे खूणचिन्ह असलेल्या मूळ पेशी (स्टेम सेल) असतात. त्या नष्ट केल्या की सांधे जुळून जातात. ट्विस्ट१ ची एक प्रत बिघडलेल्या उंदरांत या पेशी कमी असतात. मग २०२१ मध्ये त्यांनी अशा उंदरांच्या बंद कोरोनल सांध्याच्या जागी बारीक चीर घेतली आणि निरोगी उंदरांतल्या त्या पेशी एका जेलमध्ये मिसळून तिथे भरल्या. पेशींशिवाय चीर हाडाने भरून गेली. पेशींसह तिथे सांधा तयार झाला आणि टिकला. कवटीतला दाब उतरला, कवटीचा आकार सुधारला, आणि स्मृती व वागणुकीच्या चाचण्यांतही हे उंदीर सुधारले.

काम खरंच मोठं आहे. पण उंदराच्या चिरेची लांबी-रुंदी आणि बाळाच्या माथ्यावरची पट्टी यांत फरक प्रचंड आहे. शिवाय पेशी आणायच्या कुठून, परक्या पेशी शरीर स्वीकारेल का, त्या पुढे नको तिथे वाढणार नाहीत ना, हे सगळे प्रश्न बाळाच्या बाबतीत आधी सोडवावे लागतील. ही बातमी वाचून ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलू नका. सांधा बंद असलेल्या बाळाला वेळेचं महत्त्व आहे.

पग कुत्र्याचं चपटं तोंड म्हणजे हाच आजार का?

नाही. पगसारख्या जातींत चेहऱ्याची आणि कवटीच्या तळाची हाडं आखूड असतात आणि ते माणसाने निवडून पैदास केल्याने झालं आहे. त्यामागच्या जनुकांपैकी बीएमपी३ आणि एसएमओसी२ सापडली आहेत. माथ्यावरचा सांधा लवकर बंद होण्याचा नमुना म्हणून ते उपयोगी नाहीत.

प्राण्यांचे हे नमुने कुठे फसतात?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बातम्यांत हा भाग येत नाही.

बाळांमध्ये सगळ्यात जास्त बंद होतो तो सॅजिटल सांधा, तोही कुठल्याही सिंड्रोमशिवाय, आणि मुलग्यांत जास्त. उंदरांचे बहुतेक नमुने मात्र कोरोनल सांध्याचे आणि सिंड्रोमचे. म्हणजे ज्याचे रुग्ण सगळ्यात जास्त, त्याबद्दल उंदीर सगळ्यात कमी सांगतो. त्याचं कारण माणसांच्या जनुकांतच दिसतं. २०१६ मध्ये मधल्या रेषेतला सांधा बंद झालेल्या काही बाळांत एसएमएडी६ या जनुकात बदल सापडले. तोच बदल असलेले त्यांचे आई किंवा वडील मात्र पुष्कळदा निरोगी होते. बीएमपी२ जनुकाजवळचा, समाजात एरवीही आढळणारा दुसरा एक बदल जोडीला आला की धोका वाढत होता. एकाच दोषाचा, एकाच वाणाचा, भावंडांसारखा सारखा असलेला उंदीर अशी गुंतागुंत सहज दाखवत नाही.

मुएंके या, कोरोनल सांधा लवकर बंद होणाऱ्या आणखी एका सिंड्रोमचं उदाहरण तर बोलकं आहे. त्यातला एफजीएफआर३ चा बदल उंदरात घातला तर कवटीचा सांधा क्वचितच बंद झाला. पण त्याच उंदरांना ऐकू कमी येत होतं, आणि मुएंकेच्या रुग्णांनाही खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. कवटीसाठी नापास झालेला नमुना कानासाठी पास झाला.

बाकी फरक उघड आहेत. उंदराचा मेंदू लहान आणि गुळगुळीत, गर्भावस्था जेमतेम वीस दिवसांची. गर्भाशयात डोकं दाबलं गेल्याने सांधा बंद होतो का, या जुन्या शंकेवरही प्राण्यांत प्रयोग झाले आहेत, पण बारा पिल्लांची उंदरीण आणि एकुलतं बाळ असलेली आई यांची तुलना जपूनच करावी.

या प्राण्यांना त्रास होतो, त्याचं काय? प्राण्यांशिवाय चालणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. भारतात १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते, आणि प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी ठेवा, वेदना कमी करा, ही तीन सूत्रं १९५९ मध्ये मांडली गेली आणि आज जगभर मानली जातात.

काही काम प्राण्यांवाचून होतंच. कवटीच्या वाढीचं संगणकावर गणित मांडून कुठल्या प्रकारच्या शस्त्रक्रियेने आकार कसा बदलेल हे तपासता येतं. रुग्णांच्या पेशी काचपात्रात वाढवता येतात. पण ड्यूरा, हाड आणि वाढणारा मेंदू यांचा एकमेकांशी चाललेला व्यवहार अजून कुठल्याच काचपात्रात पूर्ण उतरलेला नाही.

आमच्या बाळाच्या ऑपरेशनमधलं हाड संशोधनाला देता येतं का?

काही ठिकाणी देता येतं. काढलेलं बरंचसं हाड कवटी घडवायला परत वापरतात, उरलेल्या तुकड्यातल्या पेशी संशोधनाला चालतात. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि ती न दिल्याने उपचारांत काही फरक पडत नाही. ज्यांच्या बाळाचा कोरोनल सांधा बंद आहे, त्यांनी जनुकीय तपासणीबद्दल मात्र आवर्जून विचारावं. या सांध्यात एका जनुकाचं कारण सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि पुढच्या मुलाच्या वेळी तेच उत्तर कामाला येतं.